कागदावर कार्यालय, प्रत्यक्षात कारखाना : डेटा सेंटरचे शेजारी का चिडतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या नगर परिषदेने ‘प्रोजेक्ट ब्लू’ नावाचा एक अवाढव्य प्रस्ताव एकमताने फेटाळला. सभागृह नागरिकांनी भरलेले होते आणि त्यातले बहुतेक लोक विरोध करायला आले होते. टूसॉन हे वाळवंटातले शहर आहे. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पाण्याचा हिशेब प्रत्येक घराला ठेवावा लागतो. त्यामुळे ही बातमी जळगाव-भुसावळच्या वाचकाला तशी परकी वाटू नये. तरीही ती वाचून अनेकांना प्रश्न पडला, कारण जो प्रकल्प फेटाळला गेला तो रासायनिक कारखाना नव्हता, खाण नव्हती आणि कत्तलखानाही नव्हता. ते डेटा सेंटर होते. धूर सोडणारे धुराडे नाही, नाक दाबावे असा वास नाही, ट्रकांची रांग नाही. मग शेजारी एवढे चिडतात कशाने?

हा लेख खानदेशातल्या एखाद्या विशिष्ट प्रस्तावाविषयी नाही. पण गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली आहे आणि नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेतच. आपल्या तालुक्यात फाइल येण्याआधी विषय समजून घेतलेला बरा.

आत असते तरी काय?

तुम्ही सातबारा उतारा मोबाइलवर पाहता, किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता, लग्नाचे फोटो ‘क्लाउड’वर ठेवता, तेव्हा ते काम कुठेतरी ठेवलेला दुसराच संगणक करत असतो. इतरांसाठी अहोरात्र राबणाऱ्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि असे हजारो सर्व्हर कपाटांमध्ये एकावर एक रचून ठेवलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर.

रावेर-सावद्याकडच्या वाचकांना केळीचे शीतगृह ठाऊक असते. बाहेरून पत्र्याचा किंवा सिमेंटचा बंद ठोकळा, आत रचलेला माल, आणि खरे काम करणारी यंत्रे बाजूला किंवा छपरावर. डेटा सेंटर दिसायला तसेच असते. फरक एवढाच की केळी एकदा थंड झाली की यंत्रावरचा बराचसा भार उतरतो, पण सर्व्हर स्वतःच सतत तापत राहतात. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून अशा केंद्राचा आकार चौरस फुटांत सांगण्यापेक्षा मेगावॉटमध्ये सांगतात. एक मेगावॉट म्हणजे २ किलोवॉटचे ५०० गीझर एकाच वेळी चालू ठेवणे. मध्यम आकाराचे ५० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालत असेल, तर २५ हजार गीझर दिवसरात्र, वर्षभर चालू आहेत असे समजावे. पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात : ही उष्णता कुठे टाकायची आणि कशाच्या बळावर?

कुलर की एसी?

याचे उत्तर खानदेशातल्या प्रत्येक घराने मे महिन्यात शोधलेले असते. कुलर लावला तर वीज कमी लागते, पण दिवसातून दोनदा पाणी भरावे लागते. एसी लावला तर पाणी लागत नाही, पण वीजबिल वाढते आणि बाहेरच्या युनिटची गरम हवा व घरघर शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. डेटा सेंटरपुढेही ढोबळमानाने हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात पाण्याचे बाष्पीभवन करून उष्णता हाकलतात. दुसऱ्यात बंद नळ्यांतून द्रव फिरवतात आणि प्रचंड पंख्यांनी तो हवेवर थंड करतात. कंपन्या ‘आम्ही पाणी वापरतच नाही’ असे सांगतात तेव्हा बहुधा दुसरा मार्ग अभिप्रेत असतो. तो दावा खोटा नसतो, पण अर्धा असतो, कारण वाचलेल्या पाण्याची किंमत जादा वीज आणि जादा पंखे यांच्या रूपाने मोजावी लागते. शिवाय बाहेरची हवा ४५ अंशांवर असेल, तर हवेने थंड करण्याची ही पद्धत नेमकी तेव्हाच सर्वांत दमते, जेव्हा गावातला प्रत्येक एसी आणि पंखाही चालू असतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कुलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तो आपल्या जड पाण्यातल्या क्षारांचा. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मोठ्या शीतकरण मनोऱ्यातही तेच होते, म्हणून तिथले खारट झालेले पाणी वरचेवर काढून टाकावे लागते, आणि शेवाळ होऊ नये म्हणून घातलेली रसायनेही त्यात असतात. तेव्हा ‘पाणी किती घेणार’ याबरोबर ‘खारे पाणी सोडणार कुठे’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

‘पानी कितलं लागी?’

गावात पहिला प्रश्न हाच निघेल, म्हणून हिशेब मांडूनच पाहू. एक युनिट विजेपासून निर्माण झालेली उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी उडून जाते. हे भौतिकशास्त्राचे गणित आहे, त्यात कंपनीगणिक फार फरक पडत नाही. ५० मेगावॉटचे केंद्र दिवसाला १२ लाख युनिट वापरेल. ती सगळी उष्णता पाण्यावर काढली तर रोज १८ लाख लिटर पाणी हवे. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने हे ३२ हजारांहून अधिक माणसांचे पाणी झाले.

आकडा भयंकर वाटतो, पण त्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. उन्हाळ्यात ठिबकवरच्या केळीच्या एका झाडाला दिवसाला साधारण १५ ते २० लिटर पाणी लागते. म्हणजे हेच १८ लाख लिटर सुमारे एक लाख झाडांना, अर्थात साठेक एकर बागेला पुरेल. यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीपुढे साठ एकर म्हणजे काहीच नाही. तेव्हा एक डेटा सेंटर सगळी तापी पिऊन टाकेल, असे कोणी सभेत सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग काळजी कशाची? पाणी कोणत्या नळातून आणि कोणत्या महिन्यात घेतले जाते, याची. शीतकरणाला गढूळ पाणी चालत नाही. स्वच्छ, बहुतेकदा पिण्याच्या प्रतीचे पाणी लागते. ते वाघूर धरणातून जळगावला किंवा अक्कलपाड्यातून धुळ्याला येणाऱ्या योजनेवरच जोडले गेले, तर स्पर्धा केळीशी होत नाही, चार-आठ दिवसांआड येणाऱ्या नळाशी होते. बोअरवेलमधून उपसले तर ते आधीच अतिशोषित ठरलेल्या यावल आणि रावेर तालुक्यांच्या भूजलातून जाईल. आणि बाष्पीभवनाची गरज सर्वांत जास्त असते ती मे महिन्यात, धरणाचा साठा तळाला गेलेला असतो तेव्हा. शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले, तर या आक्षेपाची धार बरीच कमी होते. मात्र ती प्रक्रिया यंत्रणा आधी उभी असली पाहिजे, ‘पुढे उभारू’ असे आश्वासन पुरेसे नाही.

आवाजाचे काय एवढे?

अमेरिकेत शेजाऱ्यांचा संताप काही ठिकाणी उसळला तो पाण्यावरून नव्हे, आवाजावरून. ॲरिझोनातल्याच चँडलर शहरात आणि व्हर्जिनिया राज्यातल्या मनॅसस शहराजवळच्या ग्रेट ओक वसाहतीत लोकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. तो आवाज कानठळ्या बसवणारा नव्हता. तो न थांबणारा होता.

पिठाची गिरणी शेजारी असली तर माणूस तिच्याशी जुळवून घेतो, कारण ती रात्री बंद होते. डेटा सेंटरचे पंखे पहाटे तीनलाही फिरत असतात. त्यांच्या आवाजात खालच्या पट्टीची घुमणारी गुणगुण बरीच असते आणि तीच भिंत भेदून आत येते. मिरवणुकीतल्या डीजेचा अनुभव आठवा : खिडक्या लावल्या की गाण्याचे शब्द ऐकू येईनासे होतात, पण बेसचा धडधडाट छातीत जाणवतच राहतो.

आता नियम पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागात मात्र रात्री ७० डेसिबलपर्यंत मुभा आहे. डेसिबल हे माप सरळ पायऱ्यांचे नसते. दहाने वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. त्यामुळे ४५ आणि ७० यांतले अंतर दिसते त्याहून फारच मोठे आहे. एमआयडीसीची भिंत आणि वसाहतीची भिंत यांत फक्त एक रस्ता असेल, तर भिंतीच्या अलीकडे कायदेशीर असलेला आवाज पलीकडे बेकायदा होतो. जळगावसारख्या शहरात औद्योगिक वसाहत आणि घरे एकमेकांच्या किती जवळ आली आहेत हे पाहिले, की हा मुद्दा कागदी वाटत नाही.

त्यात आणखी दोन पळवाटा आहेत. नेहमीचे मापन माणसाच्या कानाच्या सवयीनुसार केले जाते आणि त्यात खालच्या पट्टीच्या आवाजाला कमी वजन दिले जाते, म्हणून मीटर ‘ठीक’ सांगतो तेव्हाही घरात झोप लागत नाही. दुसरे असे की, सारख्याच दोन स्रोतांचा आवाज एकत्र झाला तर तो सुमारे तीन डेसिबलने वाढतो. चार झाले तर सहाने. प्रत्येक इमारत स्वतःपुरती मर्यादेत असते, आणि चार इमारतींच्या मधे राहणारा मर्यादेबाहेर गेलेला असतो. तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची, हेही मग त्याला कळत नाही.

विजेचा मान कोणाला?

५० मेगावॉट वर्षभर म्हणजे सुमारे ४४ कोटी युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या ३ लाख ६५ हजार घरांची ही वीज आहे. ‘सोलर लावू’ हे उत्तर ठरलेले असते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. पण सूर्य रात्री नसतो आणि सकाळ-संध्याकाळ मंद असतो, म्हणून अशा प्रकल्पाचे वर्षभराचे सरासरी उत्पादन क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे, म्हणजे २५ मेगावॉटच्या आसपास येते. एका मध्यम केंद्राला असे दोन प्रकल्प लागतील, आणि तरीही रात्रीची वीज औष्णिक केंद्रातून, उदाहरणार्थ दीपनगरहून, घ्यावी लागेल. रात्री बारानंतर मोटार चालू करायला शेतात गेलेल्या माणसाला, शेजारच्या बंद ठोकळ्याला चोवीस तास अखंड पुरवठा मिळतो हे दिसणार आहे. ही तक्रार तांत्रिक नाही, पण तिला मत्सर म्हणून उडवून लावणेही योग्य नाही.

जगाचे आकडे सांगायचे तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे संस्था म्हणते. दीड टक्का फार नाही. पण डेटा सेंटर सर्वत्र सारखी पसरत नाहीत, एका जागी गर्दी करतात. आयर्लंडमध्ये मोजलेल्या विजेतला त्यांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, २०२३ मध्ये २१ टक्के झाला.

वीज गेली तर? तेव्हासाठी डिझेल जनरेटर असतात, तेही दोन-चार नव्हे, पूर्ण भार पेलतील इतके. ते एरवी बंद असतात, पण ठरावीक दिवशी चालवून पाहावे लागतात, आणि त्या दिवशी धूर व आवाज दोन्ही असतात. लाखो लिटर डिझेल आणि खोल्याच्या खोल्या भरून बॅटऱ्या हाही विचार करण्याजोगा भाग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा एकदम बंद पडल्या. जवळचे अग्निशमन केंद्र अशा आगीसाठी सज्ज आहे का, हे परवानगीआधी पाहायचे असते.

एक भीती मात्र सोडून द्यावी. डेटा सेंटरमधून मोबाइल टॉवरसारख्या लहरी बाहेर पडत नाहीत. तिथला संवाद जमिनीखालच्या काचेच्या तारांतून होतो. ‘रेडिएशन’चा मुद्दा सभेत काढला की बाकीचे खरे मुद्देही हसण्यावारी जातात.

पण एवढी मोकळी जमीन असताना वस्तीजवळ कशाला?

बँकेच्या व्यवहारासारख्या कामांत क्षणाचा विलंबही नको असतो, म्हणून ही केंद्रे ग्राहकांच्या आणि समुद्राखालून येणाऱ्या केबलच्या जवळ बांधली जातात. मुंबई परिसराला पसंती मिळते ती यामुळे. त्यात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिल्यापासून देशातल्या जागेची मागणी वाढली. पण कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्याच्या कामाला ही घाई नसते. ते काम मोठी जमीन आणि मोठी वीजवाहिनी मिळेल तिथे करता येते. धुळ्याजवळ ७६५ केव्हीचे, म्हणजे अतिउच्च दाबाचे, वीज उपकेंद्र आहे, दोन मोठे महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, आणि जमीन मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. खानदेश आपोआप या खेळाबाहेर राहील, असे मानायला म्हणून कारण नाही. आणि जिथे उपकेंद्र, रस्ता आणि पाण्याची वाहिनी आधीच आहे, तिथे माणसेही राहत असतात.

कागदावरची इमारत

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. दीपनगरसारख्या औष्णिक प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र प्रकार नाही. ते ‘बांधकाम प्रकल्प’ म्हणून मोजले जाते. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल तर मंजुरी लागते, पण या गटाला जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे गृहसंकुल किंवा मॉल ज्या दाराने जातो, त्याच दाराने हजारो गीझरांची ही भट्टी जाते. मापली जाते फरशी. वीज, उष्णता आणि गुणगुण त्या मापात पकडता येत नाहीत. एमआयडीसीच्या हद्दीत तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतःच असते, त्यामुळे शेजारच्या गावाला नकाशा पाहायला मिळतो तो बहुधा पायाभरणीनंतर.

हे दुखणे आपलेच आहे असे नाही. व्हर्जिनियातल्या लाउडन कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सुमारे २०० डेटा सेंटर आहेत. तिथे ठरावीक पट्ट्यांमध्ये ती बांधण्याचा हक्कच होता, जाहीर सुनावणीची गरज नव्हती. घरांच्या कुंपणाला लागून इमारती उठल्या, आणि मार्च २०२५ मध्ये कौंटीने तो हक्क काढून घेतला. आता नव्या प्रस्तावावर सुनावणी होते. शेजारच्या प्रिन्स विल्यम कौंटीत सुमारे २,१०० एकरांच्या योजनेला डिसेंबर २०२३ मध्ये मिळालेली मंजुरी न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द ठरवली. कारण पाणी किंवा आवाज नव्हते. जाहीर नोटीस नीट दिली नव्हती, हे होते.

‘मोबाइल वापरता ना, मग विरोध कसला?’

हा आक्षेप हमखास येतो. साखर सगळेच खातात. पण म्हणून कारखान्याची मळी कोणाच्या विहिरीत सोडलेली चालत नाही. वस्तू वापरणे आणि तिच्या उत्पादनाला वस्तीपासून अंतर मागणे, यांत विसंगती नाही.

‘रोजगार येईल’ हा दुसरा आक्षेप. बांधकाम चालू असताना खरेच शेकडो हातांना काम मिळते. नंतर मात्र आत माणसे मोजकीच लागतात : सुरक्षारक्षक, वीज व शीतकरणाचे तंत्रज्ञ, थोडे अभियंते. जळगावच्या डाळ मिल किंवा चटईच्या कारखान्यात जेवढ्या भांडवलात जेवढी माणसे पोसली जातात, त्या प्रमाणाची अपेक्षा इथे करू नये. लाउडनचे उदाहरण देऊन कराचे गाजर दाखवले जाते. ते उत्पन्न खरे आहे, पण तिथे आतल्या संगणकांवरही स्थानिक कर लागतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीची आकारणी जमीन आणि इमारतीवर असते. इमारत काही कोटींची आणि आतला माल तिच्या कितीतरी पट असेल, तर हा फरक लहान नाही.

‘खानदेश कायम मागेच ठेवायचा का?’ हा तिसरा प्रश्न, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. इथे उद्योग हवेत. पण इथल्या माणसाचा कागदावरचा विश्वास का उडाला, हेही लक्षात घ्यावे. वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला अपुरा मिळाला म्हणून दोंडाईचाजवळच्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या अनुभवानंतर ‘आधी जमीन द्या, आकडे नंतर सांगू’ हे वाक्य कोणी ऐकून घेणार नाही.

आकडे कोणाचे?

आकडे लपवले जातात, हा नुसता संशय नाही. ओरेगॉन राज्यातल्या द डॅल्स या छोट्या शहरात गुगलचे केंद्र किती पाणी घेते, हे एका वृत्तपत्राने विचारले. ते व्यापारी गुपित आहे म्हणून शहर प्रशासन त्या वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली तेव्हा कळले, की २०२१ मध्ये केंद्राने ३५.५१ कोटी गॅलन पाणी घेतले, शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. आपल्या माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गोपनीयतेचे कलम आहे. मात्र त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, असेही म्हटले आहे. नंदुरबारच्या आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतल्या अनुसूचित गावांकडे १९९६ च्या पेसा कायद्याचे आणखी एक साधन आहे : भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावाच लागतो.

चँडलरने तक्रारींची अनेक वर्षे सोसल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये नियम केला. बांधकामाआधी परिसराचा मूळ आवाज मोजायचा आणि जनरेटरची चाचणी करण्यापूर्वी शेजाऱ्यांना कळवायचे, या त्यातल्या अटी मला आपल्यासाठी सर्वांत उपयोगी वाटतात. कारण केंद्र चालू झाल्यावर ‘आधी इथे किती शांत होते’ हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. तेव्हा एखाद्या गावाला प्रस्तावाची नुसती कुणकुण लागली, तरी अंगणात खाटा टाकून लोक झोपतात अशा एखाद्या रात्री दोन-तीन ठिकाणी आवाज मोजून घ्यावा. खालच्या पट्टीचा वेगळा मोजावा, तारीख-वेळेसह पंचनामा करावा आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.